गिरवलेले चार कॉन्चेर्टो

साल्झबुर्ग गावात लिओपोल्ड मोझार्ट नावाचे एक व्हायोलिनवादक राहत. आर्चबिशपांच्या दरबारी वाद्यवृंदात ते नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात शिकवण्या करत. शिकवण्याची त्यांना मनापासून आवड होती. व्हायोलिन कसे शिकावे यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले आणि ते १७५६ साली छापून निघाले. त्याच वर्षी २७ जानेवारीला त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव वोल्फगांग. घरात साडेचार वर्षांची थोरली बहीण होती. तिला सगळे नानर्ल म्हणत.

नानर्ल आठ वर्षांची होत आली तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी एक वही केली. निरनिराळ्या संगीतकारांचे छोटे छोटे तुकडे त्यांनी त्या वहीत उतरवले. सोपे आधी, अवघड मागाहून. एक तुकडा नीट बसला की मगच पुढचा. धाकटा भाऊ हे सगळे ऐकत असे. तीन वर्षांचा असतानाच तो हार्पसिकॉर्डपाशी जाऊन एकमेकांना जुळणारे दोन सूर शोधत बसे आणि सापडले की खूश होई. मग त्यालाही त्याच वहीतून शिकवायला सुरुवात झाली. कोणता तुकडा कधी बसला, हे लिओपोल्ड वहीतच टिपून ठेवत. एका मिन्युएटखाली त्यांनी नोंद केली आहे की, हा वोल्फगांगने पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, रात्री साडेनऊला, अर्ध्या तासात बसवला.

याच सुमारास एक गंमत झाली. एका गुरुवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून लिओपोल्ड घरी आले. सोबत दरबारातले ट्रम्पेटवादक शाख्टनर होते. पाहतात तर चार वर्षांचा वोल्फगांग टाक घेऊन लिहीत बसलेला. काय चालले आहे, असे वडिलांनी विचारले. मुलगा म्हणाला की मी कॉन्चेर्टो लिहितो आहे आणि पहिला भाग संपतच आला आहे. दाखव म्हटले तर अजून पुरा व्हायचा आहे, असे उत्तर मिळाले. तरी वडिलांनी कागद घेतला. कागदावर शाईच्या डागांचा नुसता चिखल झालेला होता. मुलगा दर वेळी टाक दौतीच्या तळापर्यंत बुडवी, कागदावर थेंब पडे, तो तळहाताने पुसून टाकी आणि त्याच ओल्या जागेवर पुढचे लिही.

दोघेही मोठी माणसे आधी हसली. मग लिओपोल्ड यांनी डाग सोडून मधले सूर वाचायला घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. लिहिलेले सगळे नियमाला धरून होते. अडचण एकच होती. ते इतके अवघड होते की कुणालाही वाजवता आले नसते. तसे वडिलांनी बोलून दाखवले. त्यावर मुलाने सांगितले की म्हणूनच तर हा कॉन्चेर्टो आहे, येईपर्यंत घोकायचा असतो. मग त्याने स्वतः वाजवून पाहिले. काय म्हणायचे आहे एवढे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले, पण बोटे काही चालली नाहीत. ही हकीकत शाख्टनर यांनी तीस वर्षांनी नानर्लला पत्रातून कळवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

कॉन्चेर्टो म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवे. एक वादक आणि त्याच्याबरोबर अख्खा वाद्यवृंद, अशी ही रचना असते. तिचे बहुधा तीन भाग असतात. पहिला वेगवान, दुसरा संथ, तिसरा पुन्हा वेगवान. कधी वाद्यवृंद बोलतो आणि एकटा ऐकतो. कधी एकटा बोलतो आणि बाकीचे हलकेच साथ देतात. कधी दोघांत चढाओढ लागते. एकट्यासाठी लिहिता येते, समूहासाठीही लिहिता येते. पण एकाला वीस जणांसमोर उभे करायचे, त्याचा आवाज बुडू द्यायचा नाही आणि त्या वीस जणांनाही नुसते बसवून ठेवायचे नाही, हे काम कठीण. चार वर्षांच्या मुलाच्या अंगी हौस होती, कानही होता. हे काम मात्र त्याला अजून शिकायचे होते.

१७६३ च्या जूनमध्ये लिओपोल्ड बायकोमुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले. साडेतीन वर्षे ते घराबाहेर होते. म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग, पुन्हा पॅरिस. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत मुले वाजवत, लोक तोंडात बोटे घालत. लिओपोल्ड यांचे लक्ष मात्र टाळ्यांच्या पलीकडेही होते. जिथे जातील तिथे कोण काय लिहितो, कसे वाजवतो, हे ते मुलांना ऐकवत.

लंडनमध्ये योहान क्रिस्टियान बाख भेटले. थोर योहान सेबास्टियान बाख यांचे ते धाकटे चिरंजीव, इंग्लंडच्या राणीचे संगीतगुरू. त्यांनी आठ वर्षांच्या वोल्फगांगला आपल्या पुढ्यात बसवून घेतले. थोडेसे ते वाजवत, पुढचे मुलगा वाजवी, मग पुन्हा ते. डोळे मिटून ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतो आहे असे वाटले असते, असे नानर्लने पुढे सांगितले.

पॅरिसमध्ये शोबर्ट, एकार्ड, होनाउअर, राउपाख असे जर्मन मुलखातून आलेले वादक तेव्हा होते. ते हार्पसिकॉर्डसाठी सोनाटा लिहीत आणि छापून विकत. त्यांतल्या काहींनी आपल्या छापील सोनाटा या मुलांना भेट दिल्या. लिओपोल्ड यांना शोबर्ट मुळीच आवडले नाहीत. तोंडावर गोड बोलणारा आणि आतून खोटा माणूस, असे त्यांनी साल्झबुर्गच्या घरमालकिणीला पत्रातून कळवले. पण शोबर्ट यांच्या सोनाटा त्यांनी मुलांपासून लांब ठेवल्या नाहीत. नानर्ल त्या सफाईने वाजवू लागली. माणसाविषयीचे मत एका बाजूला आणि त्याच्या कामाविषयीचे मत दुसऱ्या बाजूला, असे हे घर होते.

१७६६ च्या नोव्हेंबरअखेर सगळे घरी परतले. सामानात घड्याळे, नस्याच्या डब्या, सोन्याच्या अंगठ्या होत्या. शिवाय छापील सोनाटांचा गठ्ठा होता.

आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग येतो.

१७६७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत अकरा वर्षांच्या वोल्फगांगने वाद्यवृंदासह वाजवायचे चार कॉन्चेर्टो लिहिले. पण त्यातले सूर त्याचे नव्हते. कुठला पहिला भाग राउपाख यांच्या सोनाटातून घेतलेला, कुठला शेवटचा होनाउअर यांच्या. दुसऱ्या कॉन्चेर्टोचा संथ भाग त्याच शोबर्ट यांचा, तिसऱ्याचा एकार्ड यांचा. तिसऱ्याचा शेवट कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांच्या एका छोट्या रचनेवरून केलेला. चार कॉन्चेर्टोंचे मिळून बारा भाग. त्यांतल्या अकरांचे मूळ मालक आज माहीत आहेत. बाराव्याचा निश्चित ठरलेला नाही, तेव्हा तो कदाचित मुलाचाच असेल.

आपल्याकडे लहान मूल पाटीवर मोठ्यांनी काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवते. अक्षर दुसऱ्याचे असते, हात मात्र मुलाचा वळत असतो. वोल्फगांगने त्या उन्हाळ्यात तेच केले. त्याने कॉन्चेर्टो गिरवले.

अशा सोनाटात मुख्य वादक एकच. तोच सुरुवात करतो, तोच शेवट करतो. तिचा कॉन्चेर्टो करायचा तर बरेच काही ठरवावे लागते. आधी वाद्यवृंदाला बोलू द्यायचे आहे, मग त्याने काय बोलावे? सोनाटाचाच मुख्य सूर घेऊन त्याच्यासाठी एक प्रस्तावना बांधावी लागते. ती फार लांबली तर ऐकणारा एकट्या वादकाची वाट पाहून कंटाळतो. फार आखूड झाली तर वादकाच्या येण्याला वजन राहत नाही. मग तो आला की कुणाला गप्प करायचे? व्हायोलिनांनी मागे नुसते सूर धरून ठेवायचे की मधूनच उत्तर द्यायचे? ओबो कुठे, हॉर्न कुठे? मूळ सोनाटातली कुठली जागा एकट्याकडे ठेवायची आणि कुठली सगळ्यांनी उचलायची? हे सगळे प्रश्न अकरा वर्षांच्या मुलासमोर होते आणि एकाचेही उत्तर छापील सोनाटात नव्हते. सूर आयते मिळाले, म्हणून तर त्याला या प्रश्नांकडे पुरते लक्ष देता आले.

त्या हस्तलिखितांवर दोन अक्षरे दिसतात, मुलाचे आणि वडिलांचे. मुलगा लिहीत होता, वडील तपासत होते, कुठे सुधारत होते.

कुणी म्हणेल, मुलाला स्वतःचे सुचत नव्हते म्हणून हे केले असेल. तसे अजिबात नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने एका धार्मिक संगीतनाट्याचा पहिला अंक स्वतः रचला होता. मे महिन्यात साल्झबुर्गच्या विद्यापीठात त्याचा लॅटिन संगीतनाट्यप्रयोग झाला, त्याचे संगीतही त्याचे स्वतःचे. त्याच्या सोनाटा पॅरिसमध्ये १७६४ सालीच छापून झाल्या होत्या. लंडनमध्ये त्याने सिम्फनी लिहिली होती. म्हणजे पहिला कॉन्चेर्टो गिरवला एप्रिलमध्ये, मेमध्ये स्वतःचे नाटक रंगमंचावर आणले आणि जूनमध्ये तो पुन्हा गिरवायला बसला. टाळ्या मिळालेल्या मुलाने दुसऱ्याच महिन्यात पुन्हा पाटी हातात घेतली, आणि वडिलांनी ती घेऊ दिली. जे येत होते ते त्याने स्वतःचे केले. जे येत नव्हते ते आधी दुसऱ्याच्या हातावरून शिकून घेतले.

यानंतर मोहाचा प्रसंग आला.

हे मूल खरेच स्वतः लिहिते का, अशी शंका लोकांना आधीपासून होती. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांनाही ती आली आणि त्यांनी मुलाला आठवडाभर कुणाला भेटू न देता, नुसते कोरे कागद आणि शब्द देऊन लिहायला बसवले, अशी हकीकत लंडनच्या डेन्स बॅरिंग्टन यांनी लिहून ठेवली आहे. १७६८ साली व्हिएन्नात तर फारच झाले. वोल्फगांगने तिथे एक संपूर्ण ऑपेरा लिहिला. पण प्रयोग काही होईना. गायक, वादक, व्यवस्थापक यांच्यात कुजबुज सुरू झाली की हे संगीत मुलाचे नाहीच, बापाचे आहे. लिओपोल्ड संतापले. सप्टेंबरमध्ये त्यांनी थेट सम्राटांकडे अर्ज केला. त्याच सुमारास त्यांनी एक यादीही तयार केली. बारा वर्षांच्या या मुलाने सातव्या वर्षापासून आजवर काय काय रचले, त्याची ही यादी. तीत सोनाटा होत्या, सिम्फनी होत्या, गीते होती, नाटके होती, मिन्युएट होते.

यादी जेवढी लांब तेवढी मुलाची बाजू भक्कम होणार होती. चार कॉन्चेर्टो घरात तयार होते. पॅरिसमधल्या त्या सोनाटा व्हिएन्नात कितीशा लोकांनी पाहिल्या असतील? तरीही ते चार कॉन्चेर्टो लिओपोल्ड यांनी त्या यादीत घातले नाहीत.

कारण काय, ते त्यांनी लिहून ठेवलेले नाही. पण यादी आपल्यासमोर आहे आणि ती पुरेशी बोलकी आहे. मुलाने जे रचले ते यादीत गेले. मुलाने जे गिरवले ते शिकण्याचे साधन म्हणून घरातच राहिले.

गिरवणे तिथेच थांबले नाही. पुढे काही वर्षांनी वोल्फगांगने लंडनच्या त्या योहान क्रिस्टियान बाख यांच्या तीन सोनाटा घेतल्या आणि त्यांचेही कॉन्चेर्टो केले. या वेळी साथीला फक्त दोन व्हायोलिन आणि खालचा बासचा सूर. साधने कमी केली की चुका झाकता येत नाहीत, हे शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

मग १७७३ चा डिसेंबर उजाडला. वोल्फगांग सतरा वर्षांचा होता, अठरावे पुरे व्हायला दोन महिनेही राहिले नव्हते. मोझार्ट कुटुंब नुकतेच मोठ्या घरात राहायला आले होते. त्या महिन्यात त्याने एक कॉन्चेर्टो लिहिला. डी मेजरमध्ये. ओबो, हॉर्न, ट्रम्पेट, नगाऱ्यासारखी टिंपनी, सगळा थाट. आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळा स्वतःचा. शेवटच्या भागात त्याने एका आवाजामागे दुसरा आवाज धावत येतो अशी विद्वानांची बांधणी केली. एकटा वादक आणि वाद्यवृंद यांचा संवाद कुठे अडखळत नाही. कुणी कधी बोलावे आणि कधी थांबावे, याचा हिशेब सहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या सुरांवर झाला होता. आता सगळे लक्ष सुरांकडे देता येत होते.

हा त्याचा खरा पहिला पियानो कॉन्चेर्टो. त्याच्यावर त्याचा फार जीव. १७७८ च्या फेब्रुवारीत तो मानहाइमला होता. तिथे एका मैफलीत त्याने हाच वाजवला आणि इथल्या लोकांना हा आवडतो, असे वडिलांना कळवले. १७८१ साली तो नोकरी सोडून व्हिएन्नात राहायला गेला. नवे शहर, नवे श्रोते, आणि जवळ फक्त स्वतःचे नाव. १७८२ च्या मार्चमध्ये तिथल्या मैफलीसाठीही त्याने नवा कॉन्चेर्टो न लिहिता हाच जुना काढला. फक्त शेवटचा भाग बदलला. ती विद्वानांची बांधणी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी हलकाफुलका, गुणगुणता येईल असा नवा रोंडो घातला. व्हिएन्नात त्याचा गवगवा झाला. वोल्फगांगने तो वडिलांकडे पाठवला आणि बजावले की हा रत्नासारखा जपा, बहिणीशिवाय कुणालाही वाजवायला देऊ नका, कारण हा मी खास माझ्यासाठी केला आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सम्राटांच्या उपस्थितीतही त्याने हाच कॉन्चेर्टो वाजवला.

इथे गोष्ट संपली असती तर बोध सरळ होता. आधी गिरवा, मग स्वतःचे लिहा. पण त्याच १७८२ साली आणखी एक गोष्ट घडत होती.

व्हिएन्नात फान स्वीटन नावाचे एक सरदार होते. राजदरबारच्या ग्रंथालयाचे ते प्रमुख. दर रविवारी दुपारी बारा वाजता त्यांच्या घरी संगीतकार जमत आणि तिथे फक्त हँडेल आणि योहान सेबास्टियान बाख यांचे जुने संगीत वाजे. तेव्हा बाख यांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती आणि त्यांचे संगीत जुनाट समजले जाई. वोल्फगांग दर रविवारी तिथे जाऊ लागला. बाख यांच्या फ्यूग पाहून तो चकित झाला. एकाच सुरावटीतून तीन-चार आवाज उभे राहतात, प्रत्येक आपल्या वाटेने चालतो, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. त्याने काय केले? बाख यांच्या पाच फ्यूग घेतल्या आणि चार तंतुवाद्यांसाठी उतरवून काढल्या. दुसऱ्याचे सूर, आपला हात. सव्वीस वर्षांचा, राजधानीत नाव झालेला वादक पुन्हा एकदा अकरा वर्षांच्या मुलासारखा गिरवायला बसला.

त्याला त्याची लाज वाटली नाही. वडिलांना पत्र लिहून त्याने कळवले की मी फ्यूग गोळा करतो आहे.

आणखी सात वर्षांनी, १७८९ साली, तो लाइपझिगला गेला. बाख ज्या चर्चमध्ये काम करत त्याच सेंट थॉमस चर्चमध्ये. तिथल्या गायकमुलांनी बाख यांची आठ आवाजांची एक रचना गाऊन दाखवली. तिथे हजर असलेल्या एकाने पुढे लिहून ठेवले आहे की, थोडेसे ऐकताच मोझार्ट सावरून बसला आणि इथे शिकण्यासारखे काही आहे, असे म्हणाला. रचनेची सलग संहिता तिथे नव्हती, प्रत्येक आवाजाचे कागद वेगवेगळे होते. त्याने ते सगळे मागवले. काही हातात, काही मांडीवर, काही शेजारच्या खुर्च्यांवर पसरले आणि सगळे वाचून होईपर्यंत तो उठला नाही. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याचे बहुतेक मोठे कॉन्चेर्टो लिहून झाले होते, शेवटची सिम्फनी लिहून झाली होती. शिकण्यासारखे काही आहे हे ऐकून त्याला अजूनही आनंद होत होता.

१७९१ च्या जानेवारीत त्याने शेवटचा पियानो कॉन्चेर्टो पुरा केला आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो गेला.

पुढच्या काळात त्याच्या हस्तलिखितांचा गठ्ठा अभ्यासकांच्या हाती आला. १८६२ साली क्योखेल यांनी मोझार्टच्या सगळ्या रचनांची सूची केली, तेव्हा ते चार कॉन्चेर्टो त्यांनी मोझार्टचेच समजून घेतले. अक्षर तर त्याचे आणि वडिलांचेच होते. मग ते संग्रहात छापले गेले आणि त्यांना क्रमांक मिळाले, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. डी मेजरचा तो लाडका कॉन्चेर्टो झाला पाचवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझेवा आणि सेंट-फोआ या अभ्यासकांनी जुन्या छापील सोनाटा ताडून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला की हे सूर शोबर्ट यांचे, हे राउपाख यांचे, हे होनाउअर यांचे. कुणी मोझार्टला चोर म्हणू शकले असते. पण चोरी करणारा माल आपल्या नावावर विकतो. या घराने ते कॉन्चेर्टो आपल्या मुलाचे म्हणून ना छापले, ना यादीत मांडले. नाव पुढच्यांनी लावले.

क्रमांक मात्र बदलले नाहीत. आजही मोझार्टचे पियानो कॉन्चेर्टो सत्तावीस मोजतात आणि त्यांतले पहिले चार त्याचे नाहीत. ध्वनिमुद्रणांचे संच काढणारे काही कलावंत हे चार वगळतात, काही घेतात. घेतले तर ऐकायला गोड आहेत. त्यांत एक हुशार मुलगा एकेक गोष्ट हाताला लावून घेतो आहे, हे कानाला कळते.

आणि त्या मुलाला आयते सूर देणाऱ्या शोबर्ट यांचे काय झाले? १७६७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे साल्झबुर्गमध्ये त्यांची सोनाटा गिरवून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा पॅरिसमध्ये विषारी आळिंबी खाऊन ते गेले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको आणि घरातली आणखी माणसेही गेली. वय फार नव्हते. आज त्यांचे नाव संगीताच्या अभ्यासकांबाहेर फारसे कुणी घेत नाही. पण मोझार्टचा दुसरा म्हणून मोजला जाणारा कॉन्चेर्टो जिथे जिथे वाजतो, तिथे मधल्या संथ भागात बोलणारे शोबर्टच असतात. शिष्य मोठा झाला की त्याने ज्यांचे गिरवले तेही थोडेसे जगतात.

तात्पर्य : स्वतःचे लिहायची घाई करू नये. जे येत नाही ते चांगल्या हाताखाली मन लावून गिरवावे. गिरवलेल्याला गिरवलेलेच म्हणावे, त्यावर आपले नाव घालू नये. आणि स्वतःचे जमू लागले, लोक टाळ्या वाजवू लागले, तरी आपल्याहून चांगले काही दिसले की पुन्हा गिरवायला बसण्यात कमीपणा मानू नये.